आतला कौल आणि श्वासाचे माप : आचार्य धर्मानंद कोसंबी

आचार्य धर्मानंद कोसंबी हे नाव आपल्या लोकांना ‘भगवान बुद्ध’ ह्या ग्रंथामुळे ठाऊक आहे. ज्या घरात धम्माची चार पुस्तके आहेत त्या घरात बाबासाहेबांच्या ग्रंथाशेजारी हे पुस्तक बहुधा सापडते. पण ग्रंथ माहीत असतो आणि ग्रंथकाराचे आयुष्य माहीत नसते. हे आयुष्य आज मुद्दाम सांगावेसे वाटते ते एका प्रश्नासाठी. अमुक कर, तमुक करू नको असे आतून ठामपणे वाटते. त्या वाटण्यावर विश्वास ठेवावा की नाही?

प्रश्न सर्वांचाच आहे, पण आपल्यातल्या पहिल्या पिढीच्या शिकलेल्या माणसाला तो जास्त जाचतो. ज्याचा बाप शिकलेला असतो तो बापाला विचारतो. माझ्यासारख्याच्या घरात कॉलेजचा फॉर्म वाचणारा मीच पहिला. कोणती शाखा घ्यावी, कोणती नोकरी धरावी, सोयरीक कुठे करावी, हे कोणाला विचारणार? आईवडिलांजवळ माया होती, माहिती नव्हती. खेड्यात विचारायला दुसरी जागा तयारच असते : देवऋषी, अंगात येणारी बाई, देवाला लावलेला कौल. धम्मदीक्षेने ती जागा आपल्यापुरती बंद केली, हे फार चांगले झाले. पण ती बंद झाल्यावर विचारायचे कुठे? स्वतःच स्वतःचा दिवा व्हायचे, हे आपल्या मुलांनाही पाठ आहे. वात सारखी कशी करायची, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. कोसंबींच्या आयुष्यात त्याचे उत्तर आहे असे मला वाटते; आणि ते उत्तर सोपे नाही.

धर्मानंद दामोदर कोसंबी ह्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ ह्या गावी झाला. घर गौड सारस्वत ब्राह्मणाचे, पण गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा आणि गाव आडबाजूचे. मुलाची प्रकृती नाजूक, शाळा अर्धवट, पुढे शिकण्याची सोय नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी बाळाबाईंशी लग्न झाले आणि नारळीच्या बागेचे व शेतीचे पाहणे हेच आयुष्य असे ठरल्यासारखे झाले. जन्माने त्यांना जे मिळाले होते ते आपल्या आज्या-पणज्यांना कधीच मिळाले नाही, हे विसरून चालणार नाही. तरीही विद्येच्या बाबतीत ह्या मुलाला मार्ग दाखवणारे घरात कोणी नव्हते, एवढे साम्य खरेच.

‘बालबोध’ नावाच्या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचले. मुलांसाठी लिहिलेली ती चार पाने वाचून विशीतला हा संसारी माणूस हलून गेला. ह्या महापुरुषाचा धर्म नीट जाणून घेतल्याशिवाय आपल्या जगण्यात अर्थ नाही, असे त्यांना वाटू लागले. जवळपास एकही बौद्ध नाही, पाली हा शब्दही कोणाला माहीत नाही, जायचे कुठे ते कळत नाही, आणि तरी ते वाटणे जात नाही.

अशा वाटण्यावर लगेच उडी घेणारे लोक पुष्कळ असतात. कोसंबींनीही आधी घराबाहेर पडून पाहिले आणि ते परत आले. आपल्या आत्मवृत्तात, म्हणजे १९२४ सालच्या ‘निवेदन’ ह्या पुस्तकात, त्यांनी आपल्या उदासीनतेचे झटके लपवलेले नाहीत. मन खचले की सगळे सोडून जावेसे वाटे. आता प्रश्न असा की बुद्धाची ओढ कोणती आणि संसाराचा कंटाळा कोणता? दोन्ही आतूनच येतात, दोन्ही घर सोड म्हणूनच सांगतात. त्या वयात त्यांच्याजवळ हे निवडायचे साधन नव्हते. त्यांनी एवढेच केले की काळ जाऊ दिला. खिन्नता येई आणि ओसरे. ती ओसरल्यावरही बुद्धाची ओढ जागच्या जागी राही.

१८९९ च्या अखेरीस ते निघाले. मुलगी माणिक तेव्हा तान्ही होती. ह्या ठिकाणी मला थांबावेसे वाटते. सिद्धार्थाचे गृहत्याग आपण आदराने सांगतो, पण साखवाळच्या बाळाबाईंना कोणी विचारले होते? कोसंबींची अंतःप्रेरणा खरी होती हे पुढे सिद्ध झाले. तिची किंमत मात्र दुसऱ्याच व्यक्तीने सात वर्षे भरली. अंतःप्रेरणेची थोरवी गाणाऱ्यांनी हा हिशेबही लिहून ठेवावा.

पुण्यात त्यांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट मिळाली. आधी संस्कृत पक्के केले पाहिजे हे उमगल्यावर ते ग्वाल्हेरवरून काशीला गेले. अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांच्या घरी शिकायचे असे दिवस काढले. १९०२ साली बौद्ध धर्माच्या शोधात नेपाळ गाठले. तिथे जे दिसले त्याने ते निराश झाले, कारण तथागताच्या शिकवणीचा मागमूस त्यांना त्यात लागला नाही. नेपाळातून बोधगया, बोधगयेहून कलकत्ता, कलकत्त्याहून सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात महास्थविर सुमंगल ह्यांच्या हाताखाली त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पाली शिकायला सुरुवात केली. घर सोडल्याला तोवर सव्वादोन वर्षे झाली होती. एक वाट खोटी ठरली की ते दुसरी धरत, पण मूळ शोध सोडत नसत. आतून जे आले होते ते दिशा दाखवणारे होते, रस्ता दाखवणारे नव्हते. रस्ता त्यांना चालूनच शोधावा लागला.

पुढे ते ब्रह्मदेशात गेले. तिथे सागाईंगच्या डोंगरात एका गुहेत त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला. बरोबर एक जर्मन भिक्षू होते, ज्ञानातिलोक. मूळचे व्हायोलिन वाजवणारे हे गृहस्थ पुढे थोर पाली पंडित म्हणून जगाला माहीत झाले. गोव्याचा एक आणि जर्मनीचा एक, दोघे ब्रह्मी गुरूकडून समाधी आणि विपश्यना शिकत आहेत, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावे.

गुहेतले ध्यान म्हटले की आपल्या भागातल्या माणसाला लांब जावे लागत नाही. लेण्याद्रीला गणपतीचे देऊळ म्हणून लोक पायऱ्या चढतात. ते देऊळ म्हणजे मुळात भिक्षूंचा विहार आहे. मध्ये खांबांवाचून कोरलेला प्रशस्त मंडप आणि भोवती वीस खोल्या. एकेका खोलीत एका माणसाने बसावे, निजावे, एवढीच जागा. तुळजा, मानमोडी, शिवनेरी असे जुन्नरच्या चहूबाजूंनी हे विहार आहेत. ते कोणी राजानेच खोदून दिले असेही नाही. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा शिलालेख जुन्नरला आहे. वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचीही नावे इथल्या लेखांत आहेत. म्हणजे सूप-टोपल्या विणणारी माणसे ह्या शांततेला हातभार लावत होती. (धर्मानंदांचे पुत्र, गणितज्ञ व इतिहासकार दामोदर कोसंबी, ह्यांनी पुढे आपल्या जुन्नर-नाणेघाटच्या जुन्या व्यापारी वाटा पायी हिंडून अभ्यासल्या, हे जाता जाता सांगतो.)

अशा खोलीत भिक्षू काय करी? चाळीस कर्मस्थानांपैकी एक आनापानसती, म्हणजे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाची स्मृती. ज्या ग्रंथात ती सविस्तर सांगितली आहे तो आचार्य बुद्धघोषांचा ‘विसुद्धिमग्ग’ कोसंबींनी आयुष्यभर हातावेगळा केला नाही. १९२५ साली ‘समाधिमार्ग’ हे छोटे पुस्तक लिहून त्यांनी ही कर्मस्थाने मराठी वाचकापुढे ठेवली.

विसुद्धिमग्गात श्वास मोजायला सांगितला आहे, तो पाचाच्या आत थांबवायचा नाही आणि दहाच्या पुढे न्यायचा नाही. पहिल्याने सावकाश मोजायचा, धान्य मोजणाऱ्या मापाऱ्यासारखा. आपल्याकडे बाजारात आणि खळ्यावर जुने मापारी पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणत आणि पुढचे माप भरेपर्यंत तोच शब्द घोळवत राहत. बुद्धघोषांचा मापारीही तसाच एक एक म्हणत राहतो आणि धान्यात काडीकचरा दिसला तर मोजता मोजताच काढून टाकतो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आपला मापारी भेटतो तेव्हा मौज वाटते. दुसरा दृष्टांत वेशीवरच्या द्वारपाळाचा. गावात असलेल्याची तो चौकशी करत नाही, गावाबाहेर गेलेल्याच्या मागे धावत नाही. जो वेशीत आला तेवढ्यालाच पाहतो. श्वासाच्या मागे छातीत उतरायचे नाही की बाहेर हवेत जायचे नाही. नाकपुडीच्या टोकाशी तो जिथे लागतो तिथे उभे राहायचे.

ह्या साधनेचा आणि आतल्या वाटण्याचा संबंध काय? आनापानसतीच्या सोळा पायऱ्या आहेत, चार-चारांचे चार गट. पहिला गट शरीराचा, दुसरा वेदनेचा, तिसरा चित्ताचा, चौथा धर्मांचा म्हणजे अनित्यतेच्या दर्शनाचा. वेदना म्हणजे इथे दुखणे नव्हे. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली अशी जी जाणीव उठते ती. माणूस म्हणतो की मला आतून वाटते. त्या वाटण्याच्या बुडाशी बहुधा अशी एखादी वेदनाच असते : अपमानाची जळजळ, मिरवण्याची हौस, शेजाऱ्याच्या नव्या घराचा मत्सर, उद्याचे भय. श्वास मोजता मोजता ही काडी वर येते आणि दिसते. दिसली की ती काढून टाकता येते, निदान तिला धान्य म्हणून मोजले जात नाही. उरते ते माप खरे. ध्यानात उत्तर आकाशातून पडते असे कोणी समजू नये. तसे समजणे म्हणजे देवऋषी घराबाहेर काढून मनात बसवण्यासारखे आहे.

स्वतः तथागतांच्या चरित्रात ह्याचा दाखला आहे आणि तो मज्झिमनिकायातल्या महासच्चक सुत्तात येतो. सहा वर्षे देह सुकवून हाती काही लागले नाही, तेव्हा बोधिसत्त्वाला लहानपणीची एक दुपार आठवली. वडील शेतात नांगरणीच्या समारंभात होते आणि हा मुलगा जांभळीच्या गार सावलीत बसून सहज शांत झाला होता. जुने अट्ठकथाकार सांगतात की तेव्हा तो श्वासावरच लक्ष ठेवून होता. बोधीचा मार्ग हाच असेल काय, असा प्रश्न त्याच्या मनात उठला आणि मागोमाग हाच तो मार्ग अशी खात्री उठली. पाच सोबत्यांचे मत उलट होते, त्या काळच्या सगळ्या तपस्व्यांची रूढी उलट होती. त्याने आतल्या खात्रीवर भरवसा ठेवला आणि अन्न घेतले. सोबती सोडून गेले. मात्र ही खात्री आयती आली नाही, सहा वर्षांच्या अनुभवाची तिला पाठराखण होती. आणि ज्याने ह्या खात्रीवर पाऊल टाकले त्यानेच पुढे कालामांना सांगितले की परंपरा, ग्रंथ, गुरू ह्यांच्यावर विसंबू नका, पण नुसत्या तर्कावर किंवा आपल्या मताला पटते म्हणूनही विसंबू नका; आचरून पाहा, कुशल की अकुशल ते पाहा, जाणत्यांना मान्य होते का पाहा. आपले लोक कालाम सुत्ताचा पहिला अर्धा भाग फार सांगतात.

कोसंबींच्या आयुष्याकडे परत येऊ. १९०६ च्या सुरुवातीला ते कलकत्त्याला परतले, चीवर उतरवले आणि पाली शिकवू लागले. चीवर उतरवणे ही त्या काळी नामुष्कीची गोष्ट मानली जाई. ज्या लोकांत बुद्धाचे नावही उरले नाही त्या आपल्या लोकांपर्यंत धम्म न्यायचा तर गृहस्थ म्हणून शिकवलेलेच बरे, हा त्यांचा निर्णय होता. त्याच वर्षी ते गोव्याला जाऊन बाळाबाईंना घेऊन आले. सात वर्षांनी का होईना, तो हिशेब त्यांनी पुन्हा उघडला.

त्यानंतरचा प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. कलकत्ता विद्यापीठात राहिल्यास महिना २५० रुपये मिळणार होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड महिना ५० रुपये देणार होते. अट एवढीच की महाराष्ट्रात राहावे आणि धम्मावर पुस्तके लिहावीत. बायकामुलांचा संसार आता अंगावर होता. त्यांनी ५० रुपये निवडले. आपल्यातल्या कोणाही नोकरदाराने हा आकडा आपल्या पगाराच्या कागदावर मांडून पाहावा. भावनेच्या भरात घेतलेला निर्णय पहिल्या तंगीला डळमळतो. हा डळमळला नाही, आणि त्याच मार्गावर १९१० साली ‘बुद्ध, धर्म आणि संघ’, १९१४ साली ‘बुद्धलीलासारसंग्रह’ अशी पुस्तके मराठीला मिळाली.

बाकीचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९१० साली ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. तिथे विसुद्धिमग्गाची वॉरन ह्यांनी अपुरी ठेवलेली आवृत्ती सिद्ध करायची होती. प्राध्यापक लॅनमन ह्यांच्याशी श्रेयावरून बिनसले, तेव्हा १९१२ साली ते परतले. त्यानंतर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात १९१८ पर्यंत पाली शिकवली, पु. वि. बापट ह्यांच्यासारखे शिष्य तिथेच तयार झाले. ज्या माणसाने शाळा धड पुरी केली नाही तो कॉलेजात प्राध्यापक झाला, हे मी माझ्या वर्गात दरवर्षी सांगतो. मग १९१८ साली ते पुन्हा हार्वर्डला गेले, त्यानंतरही दोनदा गेले. मान दुखावली होती, पण ग्रंथाचे काम त्या दुखावलेपणाहून मोठे होते. गुजरात विद्यापीठ, लेनिनग्राड, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातला तुरुंगवास, काशी असे टप्पे झाले.

१९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. पैसा बिर्लांचा होता, पण माणसे गिरणीतली आणि आपल्या वस्त्यांतली. हार्वर्डला पाली शिकवून आलेला पंडित चाळीच्या शेजारी राहू लागला. १९४० पासून ‘भगवान बुद्ध’ प्रसिद्ध होऊ लागला. त्यात त्यांनी म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा नाकारली आणि शाक्य-कोलियांच्या रोहिणीच्या पाण्यावरून झालेल्या भांडणाकडे बोट दाखवले. बोधिसत्त्व बाबासाहेबांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गृहत्यागाची जी मांडणी केली तीत हेच रोहिणीचे पाणी आहे. पाण्यासाठी भांडणारी गावे कुकडी आणि घोडच्या काठी राहणाऱ्यांना काय समजावून सांगायची! एकोणतिसाव्या वर्षापर्यंत म्हातारा माणूस न पाहिलेला तरुण कोसंबींना पटला नाही. आधी न पटणे आले, मग त्यांनी सुत्ते उलगडून पुरावा शोधला. संशोधनातली अंतःप्रेरणा हीच. न पटणे हा पुरावा नव्हे, पण पुरावा कुठे शोधायचा ते तेच सांगते.

शेवटचा भाग सांगणे जड जाते. मधुमेहाने आणि इतर व्याधींनी शरीर थकले, आपण आता इतरांना भार झालो असे त्यांना वाटू लागले. जैनांच्या पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. १९४६ साली त्यांनी अन्नत्याग करून देह संपवायचे ठरवले आणि सुरुवातही केली. गांधीजींनी आग्रह केल्यावर ते थांबले. १९४७ साली सेवाग्रामला मे महिन्यात पुन्हा उपोषण धरले आणि ४ जून १९४७ रोजी शांतपणे देह ठेवला.

हे मला पटत नाही, आणि ते स्पष्ट लिहिले पाहिजे. जांभळीखालच्या आठवणीने बोधिसत्त्वाला अन्नाकडे वळवले होते, अन्नापासून दूर नव्हे. भार होण्याचे दुःख ही देखील एक वेदनाच; ती मोजताना काडी म्हणून बाजूला काढायची की धान्य म्हणून मापात घालायची? पण एक गोष्ट नाकारता येत नाही. ज्यांनी त्यांना त्या दिवसांत पाहिले त्यांना तिथे त्रागा किंवा भय दिसले नाही. साखवाळला ज्या मनाला खिन्नतेचे झटके येत त्याच मनाचा हा अखेरचा महिना होता. आणि एकदा घेतलेला निर्णय दुसऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी वर्षभर बाजूला ठेवून पाहिला होता, हेही खरे. वाचकांनी आपापले मत बनवावे. माझे मत मी सांगितले.

विसुद्धिमग्गाची हार्वर्डची आवृत्ती त्यानंतर तीन वर्षांनी, १९५० साली निघाली. वॉरन वारले होते १८९९ साली, कोसंबींनी घर सोडले त्याच वर्षी. दोघांची कधी भेट झाली नाही. संपादक म्हणून एकाचे आणि संशोधित करणारा म्हणून दुसऱ्याचे नाव त्या ग्रंथावर छापलेले आहे.